चालू

हसनाबाद,
९ मार्च २०२५

चि. सुमेधा,
सप्रेम जयभीम.

परवा तुझा फोन आला होता. तू काय बोललीस ते तुलाच ठाऊक. आजकाल सगळेच फोनवर पुटपुटतात आणि माझी मुलगी असून तूही त्यातलीच. म्हणून कागद काढला. छत्तीस वर्षं फळ्यावर लिहिलं, अक्षर अजून वळणदार आहे. तूही पत्रच लिहीत जा, म्हणजे नंतर ‘मी असं म्हटलंच नव्हतं’ हा वाद नको.

विषय गाडीचा. गेल्या दसऱ्याला तुझी जुनी गाडी तू आम्हाला दिलीस, संपतचा पगारही तूच पाठवतेस, तेव्हा तुला कळवणं भाग आहे. गाडीचं अ‍ॅव्हरेज पडलं आहे. मंगळवारी आणि शुक्रवारी तुझ्या आईला डायलिसिसला नवीन जालन्यात न्यायचं, चार तास थांबायचं आणि परत आणायचं, एवढंच गाडीचं काम. मी दर मंगळवारी टाकी काठोकाठ भरतो, पुढच्या मंगळवारी पुन्हा काठोकाठ भरतो आणि मधल्या किलोमीटरला लिटरनं भागतो. जानेवारीत अठरा येत होतं. फेब्रुवारीत सोळा. या आठवड्यात चौदा. भागाकार मी आयुष्यभर लोकांच्या पोरांना शिकवला, त्यात चूक नाही.

संपतला विचारलं तर म्हणतो, ‘‘उन्हाळ्यात होतं गुरुजी असं.’’ चौथीत माझ्या वर्गात होता तेव्हाही हा प्रत्येक गोष्टीला ‘होतं गुरुजी’ म्हणायचा. पन्नाशीला आला तरी तेच. शिवाय त्याला एक खोड आहे. काही सांगायचं असलं की गाडी रस्त्याच्या कडेला घेतो, पूर्ण माझ्याकडे तोंड करतो आणि एकेक शब्द सुटा करून बोलतो, जसा काही मी पहिलीतला पोरगा. मला चीड येते. पण हात चांगला आहे, तुझ्या आईला खड्डा लागू देत नाही, म्हणून सोडून देतो.

हे पत्र गाडीत बसूनच लिहितो आहे. अकरापासून वीज नाही. दारातल्या लिंबाखाली गाडी उभी असते. काचा वर केल्या की गाव गप्प होतं, बरं वाटतं. तुझी आई आत झोपली आहे.

तुझे बाबा,
तातेराव


नाशिक,
१७ मार्च २०२५

ती. बाबा,
जयभीम.

अक्षर खरंच वळणदार आहे. पण मी फोनवर पुटपुटत नव्हते, ओरडत होते. शेजारच्या बाईंनी दार उघडून पाहिलं की काय झालं. दिवाळीत आणलेलं कानाचं मशीन कपाटात तसंच पडून आहे, हे आईनं मला सांगितलं. त्याची पेटीसुद्धा तुम्ही उघडली नाहीत म्हणे.

गाडीचं म्हणाल, तर आमच्या पॉलिटेक्निकमध्ये ऑटोमोबाइल शिकवणारे एक सर आहेत, त्यांना विचारलं. ते म्हणाले, आधी चाकांतली हवा बघा, मग एअर फिल्टर, मग गाडी उतारावर सोडून बघा, आपोआप सरकते की ब्रेक चिकटतो. जालन्यात तुम्ही एवढे तास थांबता, तेवढ्यात एखाद्या मिस्त्रीला दाखवा. इतकं सांगून झाल्यावर त्यांनी विचारलं, ‘‘मॅडम, गाडी चालवतं कोण?’’ मी म्हटलं, ड्रायव्हर आहे. ते नुसते हसले.

मला संपतभाऊंबद्दल वाईट बोलायचं नाही. पण तुम्ही वर आईजवळ असता आणि ते चार तास गाडीसोबत एकटे असतात. नळी टाकून दोन लिटर काढायला पाच मिनिटं लागतात, असं सर म्हणाले. लक्ष ठेवा, एवढंच. आईचं पथ्य सांभाळा. पाणी मोजूनच द्या, तिनं कितीही मागितलं तरी.

सुमेधा


हसनाबाद,
३ एप्रिल २०२५

चि. सुमेधा,
सप्रेम जयभीम.

तुझ्या सरांचं सगळं करून झालं. स्टेशनकडच्या एका मिस्त्रीनं चाकांत हवा भरली, फिल्टर नवा टाकला, चारही चाकं उचलून हातानं फिरवून बघितली. मग स्वतः एक चक्कर मारून आला आणि म्हणाला, ‘‘गाडी बिलकुल बराबर हाये गुरुजी. गाडीत काहीच न्हाई. बाकीचं घरी जाऊन बघा.’’

हे तो संपतसमोर म्हणाला. संपतनं मान खाली घातली. ज्याच्या मनात काही नसतं तो मान खाली घालत नाही. मी हजारो पोरं पाहिली आहेत, पेन्सिल कोणी उचलली ते मी नुसत्या मानेवरून सांगायचो.

या आठवड्याचा आकडा बारा. तेव्हा मी आता बंदोबस्त केला आहे. किल्ली माझ्या बंडीच्या खिशात. गावाबाहेर पडताना आणि परत आल्यावर किलोमीटर वहीत टिपतो, त्याच्या देखत. तो बघत उभा राहतो. टाकीच्या झाकणावर कागद चिकटवून त्यावर सही करून ठेवतो, निवडणुकीच्या ड्युटीला मतपेटीवर करायचो तशी. मागच्या शुक्रवारी हॉस्पिटलच्या खिडकीतून दोनदा खाली डोकावलो. संपत बाहेर उन्हात गाडीला टेकून उभा होता. मला बघून त्यानं हात केला. मी केला नाही.

उन्हानं जीव नकोसा केला आहे. स्लॅब तापतो. दुपारचे दोन-अडीच तास मी गाडीत काढतो, थोडं वाचन होतं. मशीनचा विषय पुन्हा काढायचा नाही. मला ऐकू येतं. लोकांनी नीट बोलावं.

बाबा


नाशिक,
११ एप्रिल २०२५

ती. बाबा,
जयभीम.

बारा म्हणजे फारच झालं. मीही माझ्या परीनं एक चौकशी केली. तिचा उपयोग झाला नाही, उलट संशय वाढला. ते भेटल्यावर सांगेन.

आता एकदा स्पष्ट विचाराच. पण एकटं गाठून विचारू नका, नंतर शब्द फिरवता येतात. दोन माणसं समोर असू द्या. साहेबरावकाका समोरच राहतात. जयंती होऊन जाऊ द्या, मग विचारा. दोन-चार लिटरचं मला काही नाही बाबा. इतकी वर्षं घरचं माणूस म्हणून ज्याला वागवलं तो आपल्याला मूर्ख समजतो, हे मला सहन होत नाही.

जयंतीला आईला मिरवणूक दारातूनच दाखवा. उन्हात नेऊ नका.

सुमेधा


हसनाबाद,
२४ एप्रिल २०२५

चि. सुमेधा,
सप्रेम जयभीम.

तू सांगितलंस तसंच केलं. रविवारी दुपारी संपतला बोलावून घेतलं. समोरच्या ओट्यावर साहेबराव होता, सोबत त्याचा कोणी पाहुणा. मी गाडीत बसलो होतो. काच खाली केली, वही काढली आणि आकडे वाचून दाखवले. अठरा, सोळा, चौदा, बारा, आणि आता दहा. मग विचारलं, ‘‘संपत, पेट्रोल कुठं जातं?’’

त्यानं आधी ओट्याकडे पाहिलं. मग बोट पुढं करून काहीतरी म्हणाला. मी म्हटलं, मोठ्यानं बोल, चोरासारखं पुटपुटू नको. तो पुन्हा बोलला. मला दोनच शब्द आले, ‘चालू’ आणि ‘गुरुजी’. माझा विश्वास बसला नाही. मी दार उघडून खाली उतरलो. तो आणखी पुढं आला, माझ्या तोंडासमोर तोंड आणलं, बोट तसंच माझ्याकडे, आणि तिसऱ्यांदा तेच. चालू. गुरुजी.

छत्तीस वर्षांत मला लोकांनी पुष्कळ काही म्हटलं. काय काय म्हटलं ते तुझ्या आईला माहीत आहे. पण चालू कोणी म्हटलं नव्हतं. ज्याचा हात हातात धरून मी अक्षर गिरवून घेतलं, तो माझ्याच दारात बोट दाखवून मला लबाड म्हणतो! माझा हात उठला. चांगली खणखणीत बसली.

साहेबराव आणि पाहुणा तोंडाला रुमाल लावून हसत होते. मास्तरला चालू म्हटलं याची त्यांना गंमत वाटली असणार. संपतनं गालाला हातसुद्धा लावला नाही. गाडीकडे एकदा पाहिलं, मला नमस्कार केला आणि गेला. चोराचं तोंड बंद झालं की असंच होतं. मी पुन्हा गाडीत जाऊन बसलो. 

मंगळवारी तो आला नाही. येऊही नये.

बाबा


नाशिक,
३ मे २०२५

ती. बाबा,

विचारा म्हटलं होतं. मारा म्हटलं नव्हतं.

पत्र वाचून मला राग आधी कोणाचा आला ते सांगत नाही. मी आठवीत होते. शाळेत पोरांना वाटायला आलेला तांदूळ एक पोतं कमी भरला, म्हणून कमिटीनं गावातून तराजू मागवला होता. तुम्हाला पोरांच्या देखत एकेक पोतं उचलून काट्यावर ठेवायला लावलं. तांदूळ मुळात वरूनच कमी आला होता हे महिन्याभरानं कळलं, पण ते सांगायला आपल्या घरी कोणी आलं नाही. त्या संध्याकाळी तुम्ही जेवला नाहीत. हाताला पोत्याची पांढरी भुकटी तशीच होती, ती धुतलीसुद्धा नव्हती. आईनं विचारलं, तर तुम्ही म्हणालात, ‘‘चोरीचं काही वाटत नाही, पोरं बघत होती.’’

संपतभाऊ त्या पोरांत होते का हो? नसतील, ते मोठे होते. पण साहेबरावकाका आणि त्यांचा पाहुणा बघत होते ना.

त्यांनी पेट्रोल काढलं असेलही. मी नाही म्हणत नाही. पण तुम्हाला चालू म्हणतील हे माझ्या गळी उतरत नाही. त्यांना कोणाला अरे म्हणताना मी ऐकलं नाही. आणि आईला आता कोण नेणार, हे कोणी पाहिलं का? मला सुटी एकवीस जूननंतर आहे. तोवर काय करणार आहात ते लगेच कळवा.

सुमेधा


हसनाबाद,
१८ मे २०२५

चि. सुमेधा,
सप्रेम जयभीम.

तांदळाचा विषय काढायला नको होतास. ते वेगळं होतं. मी चोरी केली नव्हती.

तुझ्या आईला काळी-पिवळीनं नेतो. मधल्या सीटवर चार माणसांत बसते. परत येताना दोनदा उलटी झाली. मागच्या शुक्रवारी जीपच भरली नाही, तो शुक्रवार बुडाला, पायांवर सूज आली. बुद्धपौर्णिमेला विहारात यायचं म्हणत होती, पण उंबऱ्यापासून परत फिरली. दुसरा ड्रायव्हर मिळत नाही. हसनाबादेत दोघांना विचारलं, राजूरला एकाला. एक जण तोंडावर म्हणाला, ‘‘गुरुजी, तुमच्या वहीत आमचं नाव नको.’’ संपत गाव सोडून शहागडला ट्रकवर गेला, असं कळतं. गेला तर गेला.

आता खरा प्रकार ऐक. संपत गेल्यापासून गाडीचं चाक हललेलं नाही. अठरा एप्रिलच्या शुक्रवारी आम्ही परत येताना टाकी पुन्हा भरून आणली होती. किल्ली माझ्या खिशात. झाकणावरचा कागद माझ्या सहीसकट शाबूत. आणि काटा तळाला! तू म्हणशील भुताटकी, पण आपण बुद्धाची माणसं, भूत मानत नाही. रोज दुपारी तीन तास गाडीत गार हवेत बसून हाच विचार करतो, उत्तर सापडत नाही. टाकी गळते म्हणावं तर खाली मातीत ओल नाही, वास नाही.

त्यात परवापासून गाडीची गार हवाही बंद पडली. बटण दाबलं की दिवे लागतात, पंखा फिरतो, पण हवा गरम. बॅटरी उतरली असेल. तुझ्या सरांना तेवढं विचार. घरात बसवत नाही.

बाबा


नाशिक,
२४ मे २०२५

ती. बाबा,

सरांना विचारायची गरज पडली नाही. ‘गार हवेत’ हे शब्द वाचले आणि मी तुमची आधीची पत्रं काढून पुन्हा वाचली.

बॅटरीवर गाडीत गार हवा येत नाही. बॅटरीवर नुसता पंखा फिरतो. गार हवा यायला इंजिन सुरू असावं लागतं. या गाडीला किल्ली फिरवावी लागत नाही, किल्ली खिशात असली की ती बटणावर सुरू होते. तुम्ही बटण दाबताना पाय ब्रेकवर ठेवता का? संपतभाऊ ठेवायचे, त्यांचं बघून तुम्हीही ठेवत असाल. ब्रेक दाबून बटण दाबलं की इंजिन सुरू होतं. फेब्रुवारीपासून रोज दुपारी लिंबाखाली गाडी उभ्या जागी पेट्रोल पीत होती आणि तुम्ही तिच्यात बसून मला ते पेट्रोल कोण चोरतं याची पत्रं लिहीत होता. ऊन वाढलं तसे तुमचे तास वाढले आणि आकडा उतरला. परवा टाकी संपली, इंजिन सुरू झालं नाही, म्हणून हवा गरम. एवढंच आहे. भूत नाही आणि चोर नाही.

इंजिनाचा आवाज तुम्हाला आला नाही, कारण तुम्हाला ऐकू येत नाही. हे वाक्य मी तीन वर्षं टाळलं.

खात्री करायची असेल तर डबाभर पेट्रोल आणवा, टाकीत ओता, बटण दाबा आणि खाली उतरून बॉनेटवर तळहात ठेवा. त्याला कान लागत नाहीत.

आणि मग संपतभाऊ त्या दिवशी काय म्हणाले असतील ते स्वतःच एकदा मोठ्यानं म्हणून बघा. तुम्ही गाडीतून उतरलात, गाडी तुमच्या पाठीमागे. बोट तुमच्याकडे नव्हतं, गाडीकडे होतं. ‘गाडी चालू हाये, गुरुजी.’ तीनदा सांगितलं त्यांनी तुम्हाला.

आता माझं. सात एप्रिलला मी संपतभाऊंना फोन केला होता. तीच ती चौकशी. अ‍ॅव्हरेजचं विचारलं, तर म्हणाले, ‘‘ताई, गुरुजी दुपारचे गाडीत बसतेत. तुम्ही त्यांला काई म्हणू नका.’’ मी म्हटलं, गाडीत बसल्यानं पेट्रोल जातं का? विषय बदलू नका. तेव्हा ते ‘बरं ताई’ म्हणाले. उत्तर माझ्या हातात होतं आणि मी ते आळ म्हणून ऐकलं. तुम्हाला ऐकू आलं नाही बाबा, मला चांगलं ऐकू येतं. दोन माणसांसमोर विचारा, हेही मीच लिहिलं.

त्यांना आता मी फोन करते, पण ते उचलत नाहीत.

सुमेधा


हसनाबाद,
२ जून २०२५

चि. संपत,
सप्रेम जयभीम.

पत्ता तुझ्या बायकोनं, नंदानं दिला. घरात ये म्हणाली नाही. कागदावर लिहून उंबऱ्यावर ठेवला, मी उचलून घेतला. तिचं बरोबर आहे.

मी डबाभर पेट्रोल टाकलं, ब्रेकवर पाय ठेवून बटण दाबलं, खाली उतरलो आणि बॉनेटवर हात ठेवला. संपत, गाडी थरथरत होती. सीटवर बसलं की ही थरथर पाठीला लागायची, मला वाटायचं पंख्याची आहे. त्या उन्हात मी बॉनेटवर हात ठेवून किती वेळ उभा होतो कुणास ठाऊक. तुझी काकू, कांताबाई, दारात आली. तिला सांगितलं, तर म्हणाली, ‘‘मला वाटलं तुम्हाला माहीत हाये.’’ साहेबरावला जाऊन विचारलं, त्या दिवशी संपत काय बोलला ते तुला कळलं होतं ना? तो म्हणाला, ‘‘मास्तर, सांगितलं असतं, पण तुम्हाला ऐकू आलं पाह्यजे ना!’’ आणि पुन्हा हसला. म्हणजे गावाला सगळं ठाऊक होतं. माझ्या कानाचं आणि गाडीचंही. फक्त मला ठाऊक नव्हतं.

तू विचारणार नाहीस, पण मीच सांगतो मी गाडीत का बसायचो. ऊन हे एक निमित्त. काचा वर असल्या की कोणी बोलत नाही, आणि बोललं तरी ऐकू न येण्याचा दोष काचेचा. माणसांत बसून नुसती मान हलवायचा मला कंटाळा आला होता. त्यापायी तुझ्यावर आळ घेतला. मला पोरांसमोर तांदूळ मोजायला लावला होता, त्या दिवसाला मी सत्तावीस वर्षं शिव्या घालतो आहे. तेच मी वही धरून तुझ्याशी केलं, वर हातही उचलला. याला माफी मागायची म्हणजे कोणत्या तोंडानं मागायची ते मला शिकवलेलं नाही. तरी मागतो.

मशीन लावलं आहे. आधी लावलं असतं तर हे पत्र लिहावं लागलं नसतं. कानात पहिला आवाज आला तो गाडीचा. केवढा मोठा आवाज आहे रे तो.

काल विहारात वंदना झाल्यावर उभा राहिलो आणि सगळ्यांना सांगितलं की संपतनं एक थेंब घेतला नाही, पेट्रोल मी जाळलं. आता तू परत ये. वही मी चुलीत घातली. कांताबाई रोज तुझं नाव काढते.

तुझा गुरुजी,
तातेराव


शहागड,
१७ जून २०२५

गुरुजी,
जयभीम.

तुमचं पत्र मिळालं. मला पत्र लिहायची सवय न्हाई. चुका असतील तर लाल पेनानं दुरुस्त करून घ्या.

गाडीवर आलो त्या पहिल्याच आठवड्यात मला कळलं होतं तुम्हाला कमी ऐकू येतं. म्हणून गाडी बाजूला घ्यायचो, तोंड तुमच्याकडं करायचो, मंग बोलायचो. हॉस्पिटलात बाई काही विचारायची तवा तुमच्या आधी मीच बोलायचो. तुम्हाला त्याचा राग यायचा ते दिसत होतं. पण चार माणसांत तुमची फजिती होऊ ने असं वाटायचं. दुपारचं इंजिन चालू दिसायचं. आधी मला वाटलं तुम्हीच ठिवता, तुमची गाडी, तुमचं पेट्रोल, आपण काय बोलावं. मिस्त्रीनं सांगितलं तवा माझ्या डोक्यात आलं, इंजिन चालू हाये ते तुम्हाला ठाऊकच न्हाई. मान खाली घातली ती त्यापायी. तुम्हाला कसं सांगावं ते समजून नव्हतं राह्यलं.

त्या रविवारी म्या तीनदा सांगितलं. चौथ्यांदा सांगता आलं असतं. ‘गुरुजी, तुम्हाला ऐकू येत न्हाई,’ एवढं म्हणलं असतं तर सगळं मिटलं असतं. साहेबराव हसून राह्यला होता. त्याच्यापुढं ते तोंडातून निघालं न्हाई. म्हणून गप गेलो.

विहारात तुम्ही सांगितलं ते नंदानं कळवलं. तिथं आपली वीस-पंचवीस माणसं असतील. गुरुजीनं संपतला पेट्रोलच्या चोरीपायी मारलं, हे मातर माझ्या आधी शहागडात आल्तं. इथं ट्रक चालवतो. डिझेल भरायला मालक माझ्यासंगं दुसरा माणूस देतो. झाकण तो उघडतो, तोच लावतो. तवर मी दूर उभा राहतो. ट्रकवाले सगळे बघतेत. तुम्ही लिहिलं तांदळाचं. ते आम्हाला माहीत होतं. तुमच्यावर तो आळ आल्ता तवा माझा बाप म्हणला होता, गुरुजी असं करणारच न्हाईत. तुम्ही माझ्याबद्दल एकदाबी तसं म्हणला न्हाईत.

काकूसाठी राजानंदला सांगून ठिवलंय. राजूरचा हाये, हात हलका हाये. येत्या मंगळवारपासून येईल. त्याला पुढच्या पुलाजवळचा खड्डा दाखवून द्या, तिथं काकूला लागतं. ब्रेकवर पाय न ठिवता बटन दाबलं तर नुसता पंखा फिरतो. गार हवा पाह्यजे असली तर चालूच ठिवा, काकूलाबी संगं बसवा.

मशीन लावली ते वाचून बरं वाटलं. परत ये म्हणता. आता म्या बोललेलं तुम्हाला ऐकू येईल, ते बराबर हाये. पण आता मला तुमच्याशी बोलायचं न्हाई.

तुमचा विद्यार्थी,
संपत